तळाचा वास

आषाढातली दुपार. बाहेर पुण्याचा तो धड भिजवत नाही आणि कपडे वाळूही देत नाही असा पाऊस, आणि आत तव्यावर सुके बोंबील. भाचीने हिवाळ्यात अर्नाळ्याहून आणून दिलेले, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. बोंबील तव्यावर पडला की आधी काहीच होत नाही. मग कडा आक्रसू लागतात, पाठ कमानीसारखी उचलली जाते, कुठेतरी बारीक चटचट होते आणि तो वास सुटतो. आधी स्वयंपाकघर, मग पॅसेज, मग जिन्याची मोकळी जागा असा तो पायऱ्या उतरत जातो. मिनिटभरात समोरच्या विंगेतली एक खिडकी लागल्याचा आवाज येतो. शेजारीण सज्जन आहे, आजवर एक शब्द बोललेली नाही. खिडकी मात्र जरा जोरात लागते.

मला त्याचा राग येत नाही. या वासाची लाज वाटून मीही एके काळी खिडक्या लावल्या आहेत.

अर्नाळ्याला आमच्या घरामागे वलांड्या होत्या. बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून केलेली ती मांडवासारखी उभारणी, आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. आजीचे हात हे काम तिच्या डोळ्यांकडे काही न विचारता करत. ती गप्पा मारी, भांडे, आल्यागेल्याची चौकशी करी, आणि खाली टोपलीतले बोंबील दोन-दोन करून दोरीवर चढत राहत. वाऱ्यावर ते हलले की कागदी पताकांसारखा आवाज होई. सकाळी ओले, पारदर्शक, गुलाबीसर पांढरे. दोन-तीन दिवसांत ताठ आणि पिवळट. ओला बोंबील हातात धरून पाहा कधी. मासा धरल्यासारखं वाटतच नाही, पाणीच कुणीतरी पातळ कातड्यात भरून दिल्यासारखं वाटतं. हाड आहे म्हणावं तर वाकतं, मांस आहे म्हणावं तर ओघळतं. एवढा मऊ जीव समुद्रात निभावतो कसा, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, ‘‘तो काय डोंगर चढाया जातो?’’

वास अंगाला लागलेला असे. कपड्यांना, वेणीला, शाळेच्या दप्तराला. पुढे विरारहून लोकलने कॉलेजला जाऊ लागले तेव्हा डब्यातल्या मुली किंचित सरकून बसत. त्या किंचितपणाचं माप मला अजून सांगता येईल. मी पावडर लावू लागले, चाफ्याचं फूल माळू लागले, आणि घरी पोहोचल्यावर मागची खिडकी लावून अभ्यासाला बसू लागले.

त्या अभ्यासातच एक दिवस मला बोंबलाचे नातेवाईक भेटले. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आपल्याकडचा बोंबील ज्या गणात बसवला आहे, त्याच गणात खोल समुद्रातली फार विलक्षण मंडळी आहेत. त्यातला एक तिपाई मासा. पोटाचे दोन पर आणि शेपटीचा खालचा भाग यांतून निघालेले तीन लांबच लांब ताठ दांडे, आणि त्यांवर हा मासा काळोखात, गाळावर, प्रवाहाकडे तोंड करून उभा. डोळे नाममात्र. पुढचे पर वर उचलून त्यांनी तो पाण्याची हालचाल चाचपतो आणि वाहत येणाऱ्या बारीक जिवांची वाट पाहतो. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही. जोडीदार कधी भेटलाच नाही तरी वंश अडू नये अशी सोय. आमच्या वलांडीवर ताठ लटकणाऱ्या जिवाचा हा कुणी लांबचा चुलता हजारो मीटर खाली असा बगळ्यासारखा उभा आहे, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनात जी शिरली ती निघाली नाही.

या तिपाई कुळातल्या एका माशाचं शास्त्रीय बारसं १८८९ साली आल्कॉक नावाच्या एका लष्करी डॉक्टरने केलं. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षणाचं लाकडी जहाज, मुंबईच्याच गोदीत बांधलेलं. त्यावर शल्यवैद्य म्हणून नेमलेला हा माणूस जखमा बांधण्यापेक्षा गाळ उपसण्यात अधिक रमला. किनाऱ्यांची मोजणी हे त्या जहाजाचं काम होतं. ते चालू असताना सवड मिळेल तेव्हा तो खोल पाण्यात जाळं सोडी आणि वर येईल ते स्पिरिटच्या बरण्यांत भरून कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवी. आपल्या समुद्रांच्या तळाचा पहिला मोठा हिशोब त्या बरण्यांत आहे. पण आल्कॉकला तिपाई मासा दिसला तो मेलेला, लुळा, ट्रेमध्ये आडवा. तो उभा राहतो हे नीट कळलं ते विसाव्या शतकात, माणूस स्वतः खोल उतरून खिडकीतून पाहू लागला तेव्हा. या विद्येत असंच होतं. आधी प्रेत हाती येतं, आणि आयुष्याची गोष्ट कळायला पुढच्या पिढ्या जाव्या लागतात.

बी.एस्सी.ला मुशीचं विच्छेदन असे. बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून उभ्या, आणि मी मात्र पाच मिनिटांत पोट उघडून, यकृत बाजूला सारून मोकळी. सर म्हणाले, ‘‘हात चांगला आहे.’’ हात आजीचा होता, हे मी सांगितलं नाही. त्याच वर्षी, १९८१ च्या प्रजासत्ताकदिनी, ‘गवेषणी’ या भारताच्या संशोधन जहाजाने समुद्राच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले. वर्तमानपत्रातलं ते कात्रण मी मुशीच्या आकृतीमागे चिकटवलं. मग अदिती पंत यांच्याविषयी वाचलं. औंधच्या पंतांच्या घराण्यातली, पुण्यात शिकलेली मुलगी ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक वाचून समुद्रविज्ञानाकडे वळली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आली आणि १९८३ साली थेट अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाली. कोळ्याच्या घरातल्या मुलीला समुद्राचा रस्ता पुण्याच्या मुलीने दाखवावा, यात थोडी गंमत आहेच.

गोव्याला निघाले तेव्हा आजी दोऱ्या पिळत बसली होती. मी तिला जमेल तसं समजावलं की खोल, फार खोल तळ असतो, तिथे काय जगतं ते पाहायचं.

‘‘तिथं म्हावरा गावतो का?’’

‘‘गावतो. पण खायचा नाही.’’

‘‘मंग कशाला गो?’’ असं म्हणून तिने दोरी पुन्हा पायाच्या अंगठ्याला अडकवली.

पहिल्या सफरीत मला बोट लागली. ज्या घरात दर्यावर गेला नाही असा पुरुष नाही, त्या घरची मुलगी दोन दिवस बादलीला मिठी मारून पडली होती, आणि कानपूरचा एक मुलगा, ज्याने त्या आठवड्यापूर्वी समुद्र पाहिला नव्हता, मला लिंबू आणून देत होता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, कन्याकुमारीपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, मध्य हिंदी महासागराचं खोरं आहे. पोहोचायला आठवडा लागतो. वाटेत पक्षी संपतात, मग बोटी संपतात, मग पाण्याचा तो ओळखीचा मातकट हिरवा रंग संपतो आणि फक्त निळं उरतं, इतकं निळं की पाहून थकवा यावा.

तिथे आम्ही बॉक्स कोअरर सोडला. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद अशी ती पोलादी पेटी; तळाला टेकली की फावड्यासारखा पत्रा फिरून तिचं तोंड खालून मिटतं आणि चिखलाचा एक चौकोनी तुकडा जसाच्या तसा कापून येतो. वायर सेकंदाला मीटरभर सुटते. पाच हजार मीटर म्हणजे जवळजवळ दीड तास नुसतं विंचचं घुरघुरणं ऐकायचं. मग ताण दाखवणारा काटा एकदम सैल पडतो आणि सगळे म्हणतात, टेकली. मग पुन्हा दीड तास वर. मध्यरात्र उलटलेली, डेकवर पिवळे दिवे, रेलिंगला रेलून उभे असलेले आम्ही. पेटी पाण्याबाहेर आली, तिच्यातून धो-धो पाणी गळलं आणि आत काहीच नव्हतं. पत्रा फिरलाच नव्हता. विंचवाल्याने बिडी पेटवली आणि जाळं रिकामं आल्यावर आमच्या घरी जो चेहरा करत तसाच चेहरा केला. त्या चेहऱ्याने मला एवढं घरच्यासारखं वाटलं की माझी बोट लागणं तिथे थांबलं.

दुसऱ्या खेपेला चिखल आला. तपकिरी, लोण्यासारखा गुळगुळीत, वर सुरेख सपाट. मी त्यात हात घातला आणि चमकून बाहेर काढला. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात, घामाने चिकटलेल्या माणसांमध्ये, तो चिखल फ्रिजमधल्या पाण्यासारखा गार होता. खाली तापमान एक-दोन अंशांचं असतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण बोटांना जे कळलं ते वेगळं होतं. तो गारवा हजारो वर्षांत कुणाच्या हाताला लागला नव्हता. मिनिटामिनिटाने तो उतरत गेला आणि आम्ही थर कापून बरण्यांत भरेपर्यंत चिखल आमच्याइतकाच कोमट झाला होता.

सुटीत घरी जाताना त्यातलीच वाळलेली एक चिमूट मी औषधाच्या बाटलीत घालून आजीसाठी नेली. तिने बूच उघडलं, नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं आणि बाटली परत दिली. ‘‘वासच नाय याला. यात काय जगनार? खाडीचा चिखल कसा घमघमतो.’’

एडवर्ड फोर्ब्झ या विद्वान माणसाचंही हेच म्हणणं होतं. एजियन समुद्रात जाळं सोडता सोडता त्याला दिसलं की जितकं खोल जावं तितके जीव कमी. त्यावरून १८४३ साली त्याने हिशोब मांडला की तीनशे फॅदमच्या, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या, खाली जीव नसावाच. फार वाजवी अनुमान होतं. उजेड नाही, अन्न नाही, वर पाण्याचा डोंगर. पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांत दोर सोडून ते पार पुसून टाकलं. मला मात्र फोर्ब्झविषयी नेहमी माया वाटत आली आहे. आमच्या अरबी समुद्रात असेही पाण्याचे थर आहेत, साधारण दीडशे मीटरपासून हजाराच्या खालपर्यंत, जिथे प्राणवायू जवळपास नाहीच. १९३३-३४ च्या मोहिमेत ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाला त्या खोलीवर तळ काही ठिकाणी खरोखरच ओसाड सापडला होता. फोर्ब्झ चुकला, पण आजीसारखाच, आपल्या हाताला जे लागलं त्यावरून चुकला.

कारण जीव होता. त्या बिनवासाच्या चिखलात होता. तो चिखल बारीक चाळण्यांतून धुवायचा, उरेल ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं, रोझ बेंगॉल नावाचं रंगद्रव्य घालायचं, मग जे सजीव होतं ते गुलाबी होतं आणि जे निव्वळ माती होतं ते मातीच राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली राखाडी रानात गुलाबी धागा दिसला की समजायचं, कुणीतरी आहे. सूत्रकृमी उचलायला चिमटा चालत नाही, तो तुटतो. आम्ही काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवून त्याने उचलत असू. स्वतःच्याच पापणीचा. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत ताटलीवर वाकून दिवसाकाठी पाच-पंचवीस जीव, आणि त्यातल्या बहुतेकांना नाव नाही. पॅसिफिकमधल्या अशाच धातूंच्या गोळ्यांच्या प्रदेशाची मोजदाद २०२३ मध्ये झाली तेव्हा तिथल्या दहातल्या नऊ जातींची अजून शास्त्रात नोंदच नाही, असा अंदाज निघाला. खोल समुद्राचा शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना पाणबुडी दिसते. मला माझी मान दिसते, डावीकडे कायमची आखडलेली.

हे जीव खातात काय, असं शाळांमधून मुलं विचारत. वरून पडतं ते. उजेडातल्या पाण्यात मेलेली वनस्पती-प्लवकं, बारीक जिवांची कात, विष्ठा, श्लेष्माचे तंतू, सगळं एकमेकांना चिकटून भुरभुर खाली येत राहतं. ज्यांच्या गावात बर्फ पडतो त्यांनी याला समुद्री हिम असं नाव ठेवलं. आमच्या गावात बर्फ पडत नाही. मला आठवते ती पिठाची गिरणी, झरोक्यातून येणारी उन्हाची तिरीप आणि तिच्यात न थांबता तरंगत उतरणारं पीठ, जे गिरणीवाल्याच्या पापण्यांवर, पट्ट्यावर, कॅलेंडरवरच्या देवावर सारखंच बसत असे. वर जे पिकतं त्यातलं शंभरात एखादा दाणा इतकंच तळाला पोहोचतं, तेही वाटेत आठवडे घालवून. त्यावर तो सारा संसार.

आणि एक कबुली. माझा पगार त्या जिवांसाठी निघत नव्हता. तो गोळ्यांच्या आशेवर निघत होता. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे ते बटाट्याएवढे काळे गोळे. १९८७ साली भारताला त्या खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटरचा हक्क मिळाला. पुढे अर्धा भाग सोडून पंचाहत्तर हजार उरला, म्हणजे महाराष्ट्राचा चौथा हिस्सा. गोळे काढले तर तळाचं काय होईल हे सांगणं आमचं काम, म्हणून आम्हाला जहाज. गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. एकदा एक गोळा मधोमध कापला तर गाभ्यात शार्कचा दात निघाला. मुशीच्या कुळातल्या कुणाचा तरी दात तळाला पडला आणि त्याभोवती धातू बसत गेला. तो दात मी किती तरी वेळ तळहातावर धरून बसले होते. गोळे जिथे पडलेले असतात तो वरचा काही सेंटिमीटरचा थर, आणि जीव असतात तोही नेमका तोच. खरवडणारं यंत्र दोहोंत फरक करणार नाही. अहवालात हे मी आकड्यांत लिहिलं आहे. माझ्या मनातलं मात्र असं आहे की राहू द्यावं ते तिथेच.

एका सफरीवर कुणा परदेशी पाहुण्याने थर्माकोलचे पेले आणले होते. त्यावर शाईने नाव लिहायचं आणि जाळीच्या पिशवीत घालून यंत्राबरोबर खाली धाडायचं. दहा मीटरला एक वातावरण या हिशोबाने तळाशी पाचशे वातावरणांचा दाब. पेला वर येतो तो भातुकलीतल्या पेल्याएवढा, आणि अक्षरंही तशीच बारीक झालेली. मी ‘आजी’ असं लिहिलं होतं. दाब मोडतो तो पोकळीला, हे त्या पेल्याने मला पुस्तकांपेक्षा नीट शिकवलं. ज्याच्या आत हवा आहे ते चेपतं. जो आतबाहेर पाणीच आहे, मऊ आहे, त्याला चेपायला जागाच नसते. आजीने तो पेला उलटसुलट पाहिला आणि मिश्री ठेवायला घेतला. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत सापडला, मिश्रीसकट.

पण नुसता मऊपणा पुरत नाही. एवढ्या दाबाखाली पेशींतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागतात. त्या सावरून धरायला माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा एक पदार्थ असतो. उथळ पाण्यातल्या समुद्री माशांत तो थोडा, आणि मासा जितका खोलातला तितका जास्त. आठ हजार दोनशे मीटरच्या आसपास हा साठा अंगात मावेनासा होतो, त्याखाली मासा नसावा असं गणित सांगतं. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझु-ओगासावारा गर्तेत कॅमेऱ्याने टिपलेला आजवरचा सर्वांत खोल मासा ८,३३६ मीटरवर होता, म्हणजे गणिताच्या उंबऱ्यावरच. मासा मेला की जिवाणू या पदार्थाचं रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात. मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो, लोकलमधल्या मुली ज्याने सरकून बसत, त्यात मोठा वाटा याच पदार्थाचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रंथालयात होते. पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले आणि मग उगाचच मनगटाचा वास घेतला.

मी स्वतः खाली कधीच गेले नाही. माझ्या वेळी आपल्याकडे ती सोयच नव्हती. आता चेन्नईला ‘मत्स्य ६०००’ तयार होते आहे, दोन मीटरहून जरा मोठा टायटॅनियमचा गोल, आत तीन माणसं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये एक भारतीय ५,००२ मीटरपर्यंत उतरला. बातमी पाहताना भाचीने विचारलं, ‘‘मावशी, तुला जायचं होतं ना?’’ मी म्हटलं, हो. आणखी काही सुचलं नाही. पाच हजार मीटर म्हणजे माझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेला तोच आकडा होता.

बोंबील भाजून झाले. आता कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, आणि मग भाकरी. पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीची ही सगळ्यात चांगली सोय आहे, असं माझं मत आहे. समोरची खिडकी अजून लागलेलीच. उद्या मी एक वाटी घेऊन तिकडे जाणार आहे. शेजारीण खात नाही हे मला माहीत आहे, तरी जाईन. आणि तुमच्या इमारतीतही कुणीतरी बोंबील भाजतच असेल. लगेच उठून खिडकी लावू नका. पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात भाजून होतात.